शून्य दराचा लोहार

बजरंग लोहाराचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते चोरांच्या यादीत. यादी मीच लावलेल्या नियमानं निघाली होती, त्यामुळं तक्रार करायची तर कुणाकडं, हाही प्रश्नच होता.

आधी माझं काम सांगते, नाहीतर त्याचं काम कळायचं नाही. पुण्यातल्या एका कंपनीचा ‘लोहदुर्ग’ नावाचा खेळ आहे. मोबाईलवर खेळायचा. दोन-अडीच लाख माणसं रोज त्यात असतात. खाणीतनं लोखंड काढायचं, जंगलातनं कोळसा आणायचा, राक्षसांशी लढायचं. लढायला हत्यारं लागतात, ती खेळणाऱ्यांनीच घडवायची आणि बाजारात एकमेकांना विकायची. खेळातलं नाणं म्हणजे होन. होन खोटे, पण माणसं त्यांच्यासाठी बांधावरून भांडल्यासारखी खरी भांडतात. या बाजाराचं गणित बिघडू द्यायचं नाही, एवढ्यासाठी कंपनी मला पगार देते. वडील आजारी पडल्यापासून मी पुणं सोडून तुळजापुरात घरी बसूनच हे काम करते. वडील म्हणजे गोपाळकृष्ण जोशी, तहसील कचेरीत बत्तीस वर्षं कारकून. मी घरी आले त्या आठवड्यात त्यांनी मला एकदाच विचारलं, “खोट्या तलवारीचा भाव ठरवायला खरा पगार देतात?” मी हो म्हणाले. त्यांनी पेपर उचलला आणि नंतर कधी तो विषय काढला नाही.

तर तलवार. या तलवारीनं माझी दोन वर्षं खाल्ली. एक साधी तलवार घडवायला तीन लोखंड, दोन कोळसा आणि एक चामडं लागतं. बाजारभावानं हा माल बावन्न होनांचा. आणि तयार तलवार बाजारात मिळायची एकेचाळीस होनांना. म्हणजे घडवणारा दर तलवारीमागं अकरा होन पदरचे घालायचा. असं का, तर खेळात हात बसवायचा असेल तर आधी शंभर तलवारी घडवाव्या लागायच्या, मग पुढचं भारी हत्यार घडवता यायचं. त्यामुळं तलवार हवी म्हणून कुणी घडवतच नव्हतं. शंभर घडवायच्या आणि नको झालेल्या मिळेल त्या भावाला बाजारात ओतायच्या. ढिगारे पडले होते तलवारींचे.

मी काय काय केलं नाही. कोळसा स्वस्त केला, तर लोकांनी दुप्पट तलवारी घडवल्या. तलवार लवकर मोडेल असं केलं, तर शिव्यांचे मेल आले, त्यातले काही माझ्या आईवर. चामडं दुर्मीळ केलं, तर तीन जणांनी सगळं चामडं विकत घेऊन दाबून ठेवलं. दर सोमवारी अकराला अनिरुद्धचा कॉल. अनिरुद्ध माझा साहेब, वयानं माझ्याएवढाच, माणूस वाईट नाही, पण प्रत्येक सोमवारी त्याचा पहिला प्रश्न एकच. “चारुशीला, तलवारीचं काय झालं?” मला तो शब्द नकोसा झाला होता. भाजी चिरताना सुरीकडं बघितलं तरी कंटाळा यायचा.

आता तो नियम. काही लोक खेळातला माल बाहेर खऱ्या रुपयांना विकतात. रुपये बाहेर घ्यायचे आणि खेळात माल फुकट द्यायचा, म्हणजे कागदावर दर शून्य. त्याला आळा म्हणून मी नियम लावला. एका आठवड्यात पन्नासच्या वर शून्य दराचे व्यवहार झाले की अकाउंट आपोआप बंद. पहिल्याच आठवड्यात चौऱ्याऐंशी जण सापडले. त्यात तिसरं नाव ‘लोहार सास्तूर’. तीनशे बारा व्यवहार, सगळे शून्य. त्रेसष्ट माणसांकडनं लोखंड-कोळसा आत येतोय, हत्यारं बाहेर जातायत, होनाचा कुठं पत्ता नाही. अगदी सुरुवातीचे एक-दोन व्यवहार सोडले तर तीन वर्षांत हा गडी बाजाराची पायरी चढला नव्हता. आणि गंमत म्हणजे, तलवार घडवणारा झाडून सगळा खेळ तोट्यात असताना याचं कोठार कधी रिकामं पडलं नव्हतं. मी मनात म्हटलं, हा मोठा चोर दिसतोय.

अकाउंट बंद झालं की माणसाला अर्ज करता येतो. त्यानं केला, मराठीत केला. अर्ज बघणारी मंडळी परराज्यात बसतात. त्यांनी तो यंत्राकडून भाषांतर करून घेतला आणि यंत्रानं ‘बलुतं’ या शब्दाचं भाषांतर केलं खंडणी. झालं. त्याच्या फायलीवर शेरा पडला, की हा इसम त्रेसष्ट खेळाडूंकडून दर हंगामाला खंडणी घेतो आणि तसं स्वतःच कबूल करतो. शिक्षा ठरली. पंधरा दिवसांनी अकाउंट कायमचं पुसून टाकायचं, आतल्या मालासकट. अनिरुद्धनं ते माझ्याकडं पाठवलं आणि वर लिहिलं, “तुझ्याच जिल्ह्यातला दिसतोय. बघ आणि सही कर.”

सही करणारच होते मी. खोटं कशाला सांगू. त्या दिवशी अशा एकतीस सह्या केल्या होत्या. पण मूळ अर्ज मराठीत आहे म्हटल्यावर उघडून बघितला.

“साहेबांस नमस्कार. माझं दुकान परवापासून बंद केलं आहे. मी भाव लावत नाही, बलुतं घेतो. त्रेसष्ट घरं आहेत. हंगामाला ज्याला जे मिळालं त्यातलं ते देतात आणि हंगामभर मी त्यांची हत्यारं बघतो. यात काय चुकलं असेल तर सांगावं, सुधारीन. माझं अकाउंट गेलं तर जाऊ द्या, पण लोकांची एकोणचाळीस हत्यारं दुरुस्तीला माझ्याकडं पडली आहेत. ती त्यांना मिळाली पाहिजेत. लोक विश्वासानं टाकून गेले आहेत. बजरंग कोंडीराम लोहार, मु. पो. सास्तूर, ता. लोहारा.”

मी वडिलांना वाचून दाखवलं आणि खंडणीचंही सांगितलं. गेल्या सहा महिन्यांत ते कशावर चिडले नव्हते, त्या दिवशी चिडले. “बलुतं म्हणजे खंडणी? कुठल्या गाढवानं केलं हे भाषांतर?” मी म्हटलं, यंत्रानं. “मग यंत्राला सांग, गावचा जोशी पण बलुतेदारच असतो. तुझ्या आजानं पंचांग सांगून घरोघरची ज्वारी आणलीय. आपण काय खंडणी खाऊन मोठे झालो?” एवढं बोलून त्यांना दम लागला, मी पाणी दिलं.

अनिरुद्धला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, “पण दर शून्य आहे ना? नियम तर मोडलाच.” मी म्हटलं, नियम मीच केलाय, मला माहितीय तो कशासाठी आहे. “बरं, मग यात त्याचा फायदा काय? फुकट कोण करतं गं काही? बाहेर पैसे घेतच असणार.” मी म्हटलं, घेत नसेल तर? “तर लिहून दे. अकरा दिवस उरलेत. पुरावा दे, मी उघडतो.”

मंगळवारी तुळजापुरातनं बाहेर पडणं म्हणजे देवीच्या गर्दीतनं वाट काढणं, म्हणून बुधवारी निघाले. एसटीनं लोहारा, तिथनं काळीपिवळीनं सास्तूर. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, त्यामुळं घरं सरळ रांगेत. बजरंग लोहार कुठं राहतो विचारलं तर वाटेतल्या एका पोरीनं उलट विचारलं, “गिरणीवाला का?” पिठाची गिरणी होती त्याची, दुसऱ्या रांगेच्या टोकाला.

दारात एक म्हातारी पोत्यावर बसून ज्वारी निवडत होती. आत गिरणी चालू, सगळीकडं पीठ. बजरंग शेहेचाळीस-सत्तेचाळीसचा, भुवया पांढऱ्या, त्या वयानं की पिठानं ते कळत नव्हतं. डबा उचलायला डावा हात वापरत होता. उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. मोबाईल खिळ्याला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, पीठ जाऊ नये म्हणून. मी कंपनीचं नाव सांगितल्यावर त्यानं गिरणी बंद केली, अंग झटकलं आणि हात जोडले.

“म्याडम, सील करायला आलाव का? सील तर झालंय.”

मी म्हटलं, समजून घ्यायला आले. मला आधी बलुत्याचं सांगा. खेळात हे कसं सुरू झालं?

त्यानं मला बसायला डबा उलटा करून दिला. “कसं म्हंजी, म्या नवीन हुतो तवा. तलवार घडवली, बाजारात नेली, बारा होन घाटा. दुसरी नेली, घाटा. म्हनलं, ह्यो काय धंदा झाला? मग माझ्या टोळीतल्या दोघा-तिघास्नी म्हनलं, तुमी मला भाव इचारू नका, म्या तुमाला सांगत न्हाय. तुमाला खाणीत जे घावंल त्यातलं हंगामाला मला द्या. हत्यार मोडलं, बोथटलं, आना, म्या बघतो. तीन घरं हुती, त्रेसष्ट झाली.”

“आणि परवडतं कसं? तीन लोखंड लागतात तलवारीला.”

“नव्या तलवारीला लागत्यात. दुरुस्तीला एकच लागतंय.” तो माझ्याकडं जरा नवलानं बघायला लागला. “तुमच्या खेळात दुरुस्तीचं बटन हाय की. ऐरणीच्या खाली, बारीक. कुनी दाबतच न्हाय. मोडली की टाकत्यात आन् नवी घेत्यात.”

ते बटन मी केलं होतं. पहिल्या वर्षी. नंतर तलवार इतकी स्वस्त झाली की ते कुणाला लागेनासं झालं आणि मीही विसरून गेले. दोन वर्षं मी कोळशाचे भाव वरखाली करत बसले आणि हा माणूस माझंच बटन दाबून त्रेसष्ट घरं चालवत होता. मला स्वतःचाच राग आला. पाणी मागितलं.

पाणी म्हातारीनं आणून दिलं. ती त्याची आई, धुरपदाबाई. ती मला म्हणाली, “ह्येच्या बापाकडं चाळीस घरं हुती बाई, पांढरीतल्या जुन्या गावात. खुरपी, विळे, फाळ शेवटायला, धार काढून घ्यायला लोक पहाटंपासून दारात. खळ्यावर आमचा वाटा पयला निघायचा. कुनी कधी म्हनलं न्हाय कोंडीराम, ह्ये एवढं कशापायी.”

“मग बंद का झालं?”

यावर बजरंगच बोलला. “भूकंप झाला, गाव हिकडं आलं. लोकांच्या हातात रोख पैसा आला. मंग कुनीतरी पयल्यांदा इचारलं, कोंडीराम, ह्या खुरप्याचं किती झालं? अन् आबानं सांगितलं, धा रुपये. तिथंच चुकलं. किती म्हनलं की मानूस हिशेब करतंय. अन् उमरग्याला नऊला मिळतंय म्हनल्यावर त्यो उमरग्याला जातंय. त्याची पन चूक न्हाय.” त्यानं उजवा खांदा चोळला. “म्या तीस वर्साचा हुईस्तोवर घण मारला. खांदा निखळला, बसवला, पुन्यांदा निखळला. आता हात वर जात न्हाय. खेळात काय, अंगठ्यानं घण बसतोय. गिरनीला दळन लावलं की चार तलवारी हुत्यात.”

मी अनिरुद्धचा प्रश्न विचारला. यात तुम्हाला काय मिळतं?

“हंगामाला तीस-चाळीस लोखंड उरतंय.”

“आणि रुपये?”

“कसले रुपये?” त्याला खरंच कळलं नाही. मी समजावून सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला विचारल्याची लाज वाटली. “न्हाय हो ताई. बलुत्याचे कुनी रुपये घेतंय का?”

त्रेसष्टच का, हेही विचारलं. तर तो म्हणाला, गेल्या वर्षी अजून वीस जण यायला तयार होते, त्यानं नाही सांगितलं. एका लोहाराला साठ-पासष्ट घरं पुरतात. जास्त घेतली की काम कच्चं होतं आणि मग लोक बोलतात. वीस जणांना त्यानं दुसरा लोहार धरायला सांगितला, तर म्हणे दुरुस्ती करणारा दुसरा लोहारच नाही. “समदेच लोहार हायत तुमच्या खेळात. अडीच लाख मानसं अन् अडीच लाख लोहार. मंग तलवारीला कोन इचारतंय?”

धुरपदाबाईनं भाकरी खाऊन जा म्हणून धरून ठेवलं. निघताना बजरंग काळीपिवळीपर्यंत आला. अकाउंटचं काही विचारलं नाही त्यानं. एवढंच म्हणाला, “ताई, ती एकोनचाळीस हत्यारं तेवढी बघा. हंगाम चालू हाय, लोकांची कामं अडली असतील.”

मी चौदा पानांचा अहवाल लिहिला. तो कोण आहे, बलुतं काय असतं, शून्य दर का असतो, खंडणी कशी नाही. आणि त्याच झपाट्यात पुढची सहा पानं खेळाच्या गणितावर. लोकांचा हात नव्या तलवारी घडवून का बसवायचा, मोडक्या दुरुस्त करून का नाही? म्हणजे ढिगारे पडणार नाहीत. हंगामी वाट्यावर दुरुस्ती केली तर काय होईल, तेही लिहिलं. बजरंगचा प्रत्येक शब्द मी आकड्यात घातला. दोन वर्षांत मला इतकं नीट सुचलं नव्हतं, आणि सुचलं तेही माझं नव्हतं.

नवव्या दिवशी अकाउंट उघडलं. बजरंगचा फोन आला, मागं गिरणीचा आवाज. “ताई, उघडलं. लई उपकार झाले.” मी म्हटलं, उपकार कसले, चूक आमची होती. दोन दिवसांत त्यानं एकोणचाळीस हत्यारं दुरुस्त करून ज्याची त्याला पोचवली. मी घरी बसून कंपनीच्या नोंदींत ते बघत होते. एकेक व्यवहार, दर शून्य, दर शून्य. त्या रात्री मी जेवले नीट आणि झोपलेही. बऱ्याच दिवसांनी वाटलं, की आपण एखादं काम धड केलं.

पुढच्या सोमवारी अनिरुद्धनं तलवारीचं विचारलं नाही. तो म्हणाला, “तुझी ती शेवटची सहा पानं मी वरच्यांना दाखवली. त्यांना फार आवडलंय. आपण हे सगळ्यांनाच देऊया.”

“म्हणजे?”

“खेळातच एक लोहार बसवायचा. कंपनीचा. राजलोहार. हंगामाला दहावा वाटा घेईल आणि सगळ्यांची दुरुस्ती करेल. नवशिके त्याच्याकडं बसून मोडक्या हत्यारांवर हात बसवतील. तूच लिहिलंयस ना हे?”

मी लिहिलं होतं. इथं मी बोलायला हवं होतं. बजरंगचं काय, एवढं तरी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मला तेव्हा सुचलं नाही असंही म्हणता येत नाही, कारण सुचलं होतं. पण दोन वर्षांनी ते गणित सुटत होतं आणि मी दमले होते. मी म्हटलं, दहावा नको, बारावा ठेवू, दहावा लोकांना जड जाईल. आणि कामाला लागले.

संक्रांतीच्या आठवड्यात राजलोहार आला. तीन आठवड्यांत बाजारातले ढिगारे आटले. माल चौपन्न होनांचा, तलवार साठला. घडवणाऱ्याला सहा होन सुटायला लागले. पुण्यात कचेरीत केक कापला, अनिरुद्धनं मला कॉलवर दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, घरात एकटी बसून.

बजरंगची घरं मी दर सोमवारी मोजत होते. मोजायची गरज नव्हती, पण हात जायचाच तिकडं. पहिल्या सोमवारी त्रेसष्टची एक्कावन्न. मग तीस. मग बारा. राजलोहार हत्यार दिल्या क्षणी दुरुस्त करून द्यायचा. बजरंगकडं दळणाची गर्दी असली किंवा लाईट गेली, नाहीतर खांदा दुखला, तर दिवसभर थांबायला लागायचं. लोकांचं तरी काय चुकलं? वर बाराव्या वाट्याचा नेमका आकडा. बजरंगकडं तर ज्याला जे वाटेल ते, त्यात उलट लोकांना अवघडल्यासारखं व्हायचं. मी त्याला फोन करायचा म्हणून चार वेळा नंबर काढला आणि ठेवून दिला. काय बोलणार होते?

शेवटी त्याचाच आला. दुपारी तीनची वेळ, वडील झोपले होते, मी गच्चीच्या जिन्यात जाऊन बसले. मागं गिरणीचा आवाज नव्हता.

“ताई, कामात न्हाईत ना?”

“नाही, बोला.”

“ती घरं गेली समदी. काल शेवटचं गेलं. म्हनलं तुमाला कळवावं, तुमी एवढं धावपळ करून उघडून दिलं हुतं.” आवाजात राग नव्हता. मला वाटत होतं असावा. मी म्हटलं, बजरंगदादा, तो राजलोहार माझ्यामुळं आला. तुम्ही मला जे सांगितलं तेच मी लिहून दिलं. माझं चुकलं.

तो म्हणाला, “म्हंजी माझंच हाय व्हय ते? तरी म्हनलं, आपल्यासारखंच करतोय की ह्यो.” आणि मग हसला थोडं. ते हसणं मला नको होतं. “म्या बी जाऊन बघितलं त्येचं काम. चांगलं हाय. धारेला पानी नीट देतोय. येक सांगू का, त्यो कुनाला न्हाय म्हनत न्हाय, तेवढं बघा. समद्यांचंच घेतलं की काम कच्चं व्हतंय.”

मी म्हटलं, त्याचं होत नाही.

“असं व्हय.” मग म्हणाला, “ताई, येक इचारायचं हुतं, म्हनून फोन केला. दोन लाख मानसं त्येला बारावा वाटा देत्यात. केवढं लोखंड झालं ते. त्यो ठेवतो कुठं?”

खोटं सांगता आलं असतं. कोठार मोठं आहे म्हणून सांगितलं असतं तर पटलं असतं त्याला. पण त्या दिवशी खोटं बोलण्याइतकंही बळ नव्हतं माझ्यात.

“ठेवत नाही. हंगाम संपला की आम्ही ते पुसून टाकतो. नष्ट करतो.”

“नष्ट?”

“बाजारात आलं तर लोखंडाचा भाव पडेल. समतोल राहत नाही. म्हणून जाळल्यासारखं करतो.”

“लोकांनी खाणीतनं काढलेलं?”

“हो.”

मग त्यानं विचारलं, अगदी साधेपणानं, एखाद्याच्या घरची चौकशी करावी तसं, “मग त्यो खातो काय?”

“काही नाही दादा. त्याला काही लागत नाही.”

“काईच न्हाय?”

“काहीच नाही.”

“हां,” बजरंग म्हणाला. “मग बरोबर हाय. न खानाऱ्यासंगं आमी कुठवर पुरावं.”

पलीकडं कुणीतरी बाई डबा आपटून हाक मारत होती. दळण आलंय म्हणाला, ठेवतो ताई, आणि फोन ठेवला. मी जिन्यातच बसून राहिले. चार वाजता अनिरुद्धचा कॉल होता, आता भाल्याचं काय करायचं म्हणून.